यू-बोल्ट कोणत्या बाजूनं

११ नोव्हेंबर, सोमवार

सुजयच्या यार्डात खांब पडला! दुपारी स्टाफरूममध्ये कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं न माझा चहा तसाच राहिला.

सुजय म्हणजे दोन वर्षांआधीचा माझ्या वर्गातला पोट्टा. खुर्सीपार वस्तीतला. मेकॅनिकल डिप्लोमाले पहिला आला होता. आता एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. लोखंडाचा उंच खांब उभा करून चारही बाजूनं तारेच्या दोरानं ताणून धरला होता म्हणे. एक दोर तुटला. खाली नरेश नावाचा हेल्पर उभा होता. त्याच्या पायावर खांब.

सुजयले काही झालं नाही, हे ऐकून मले पहिले बरं वाटलं. नरेशचं नंतर सुचलं. अशी मी!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सुजयचा फोन. रडून राहिला होता. “मॅडम, सगळे म्हणून राहिले दोराच्या क्लिपा गलत लावल्या. मीच लावल्या होत्या. तुम्ही जरा पाहा न.” उरलेल्या तीन दोरांचे फोटो पाठवले.

पाहिले. दोराचा फास, फासावर तीन-तीन क्लिपा, अंतर बरोबर, नट आवळलेले. वर्गात शिकवलं तसंच हुबेहूब. म्हटलं, “अरे, बिलकुल बरोबर आहे. मालच खराब असन. दोर कुठून आणला ते विचार त्यायले. घाबरू नको.”

किती ठासून सांगतलं मी!

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, कळत नाही. लिहिते.

संध्याकाळी ते फोटो बाबाले दाखवले. कावून दाखवले? शाबासकी पाहिजे होती, दुसरं काय! बाबानं चौतीस वर्षं रेल्वेत खलाशी म्हणून काढली. दुर्ग लाइनवर कुठी डबा रुळावरून उतरला की दोर-साखळ्या घेऊन हीच माणसं जात. म्हटलं, पाहा बाबा, माझ्या पोट्ट्याचं काम.

बाबानं चष्मा कपाळावर सारला, फोन नाकाशी नेला.

“उलट्या आहेत.”

“काय उलट्या?”

“क्लिपा. सगळ्याच्या सगळ्या. कोणं लावल्या ह्या?”

मी हसली. खरंच हसली! मंग कागद घेऊन समजावून सांगतलं. माझ्याच बापाले, खलाश्याले! दोर वाकवून फास केला की दोन दोर शेजारी-शेजारी येतात. एक लांब, भार ओढणारा. दुसरा आखूड, उरलेलं शेपूट. क्लिप त्या दोघांले एकत्र आवळते. क्लिपेच्या एका बाजूनं सपाट बैठक असते, दुसऱ्या बाजूनं यू-बोल्ट, इंग्रजी यूसारखा वाकवलेला गोल गज. यू-बोल्ट जास्त रुततो. जास्त दाब म्हणजे जास्त घर्षण, जास्त घर्षण म्हणजे जास्त पकड. म्हणून यू-बोल्ट भाराच्या दोरावर. अकरा वर्षं झाली, ताणाचा धडा आला की हीच आकृती काढून राहिली मी फळ्यावर.

बाबानं सगळं ऐकून घेतलं.

“रुततो न तो?”

“हाव.”

“मंग ज्या दोरानं भार धराचा त्यालेच कावून चावू द्याचा? शेपटाले चावू दे. भाराच्या दोरावर बैठक पाहिजे.”

“पण बाबा, घर्षण—”

“तार तुटते मित्रा. आतल्या आत. वरून दिसत नाही न एक दिवस दोर जाते.”

घरच्या नावानं, मित्रा म्हणून, समजावून राहिले होते तरी मी चिडली. “तुमचं ते जुन्या जमान्याचं,” असं बोलली. बाबा उठले न टीव्ही लावला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा बरोबर आहेत.

मानकांचं पुस्तक स्टाफरूमच्याच कपाटात होतं. कपाटाची चाबी माझ्याच टेबलाच्या खणात. आकृतीसकट छापलं आहे — बैठक भाराच्या दोरावर, यू-बोल्ट शेपटावर. खाली ठळक अक्षरात सूचना, उलटं लावलं तर दोर चिरडतो न ताकद पार घसरते. तीनदा वाचलं. आकृतीवर बोट ठेवून वाचलं.

अकरा वर्षांत हे पान एकदाही उघडलं नाही म्या. कावून उघडू? मले तं तर्कानं समजलं होतं! घर्षणाचं सूत्र येत होतं न मले. शहाणी!

पकड वाढते हे खरंच आहे. तेवढं माझं चुकलं नाही. ज्याले पकडलं त्याचं काय होते, एवढंच मी पाहिलं नाही. पदार्थाची ताकद शिकवणारी बाई मी, न पदार्थाचाच विचार केला नाही.

बस.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गुरुनानक जयंती, सुट्टी. दिवसभर पडून. बाबानं वरण-भात लावला. ताट समोर आणून ठेवलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नरेशचा पाय कापला. गुडघ्याच्या वरून.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काल रातभर एकच गोष्ट डोक्यात. सुजय इतका हुशार, त्याच्या मोठ्या बापाचं, म्हणजे बापाच्या मोठ्या भावाचं, सारं आयुष्य खलाश्याच्या कामात गेलं. घरात पाहिलं असनच त्यानं. तरी उलटं लावलं?

आज कॉलेजात गेल्याबरोबर जुन्या टेस्टचे गठ्ठे काढले. तपासणीवाले येतात म्हणून ठेवून देतो आम्ही. चंदू शिपाई म्हणे, “मैडम, धूल है, मैं निकाल देता हूँ.” म्हटलं, नको, तू जा.

सुजयचा पेपर सापडला. प्रश्न चौथा — क्लिप लावण्याची आकृती काढा, चार गुण.

त्यानं बरोबर काढली होती.

बैठक भाराच्या दोरावर, यू-बोल्ट शेपटावर. बाण काढून नाव लिहिलेलं, सुबक अक्षरात. न त्याच्यावरून माझ्या लाल पेनची रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चारपैकी शून्य. बाजूले माझ्याच हातचं — “उलटा है! सही आकृति दस बार बनाकर लाओ.”

आणली होती त्यानं दस बार. आता आठवते. हसत आणली होती. म्हणे, “मॅडम, माझे मोठे बाबा तं असंच लावते.” मी काय म्हटलं? म्हटलं, “मोठ्या बाबाले डिप्लोमा आहे का?” सगळा वर्ग हसला.

बाई, बाई, बाई! कोणत्या तोंडानं जगू मी?

शिकलेलं पोरगं होतं ते. म्या त्याले चुकीचं शिकवलं. धरून-बांधून शिकवलं. न माझ्यावर भरोसा ठेवून त्यानं घरचं शिकलेलं टाकून देल्लं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सेकंड इयरले तोच धडा सुरू आहे. आज वर्गात उभी राहिली न सरळ सांगून टाकलं, मागच्या हप्त्यात फळ्यावर काढलेली आकृती चूक आहे, माझी चूक आहे, खोडा. नवी काढली. यार्डाचं नाव नाही घेतलं. तेवढी हिंमत नव्हती.

साठ जणं माझ्या तोंडाकडे पाहत. वाटलं कोणी तरी विचारन — मॅडम, आतापर्यंत कितीजणाले असं शिकवलं? कोणी तरी विचारावं असं वाटून राहिलं होतं.

नीतूनं हात वर केला. “मॅडम, एग्ज़ाम में कौन सा बनाना है? पुराना वाला या नया वाला?”

बाकीचे पेन घेऊन तयार.

“नया,” म्हटलं. खाली पाहून खोडरबर चालवायले लागले सारे.

२० नोव्हेंबर, बुधवार

नरेशले पाहायले गेली. संत्री नेली. संत्री! पाय घेतला त्याचा न संत्री नेली.

नरेश झोपून होता. चादर एका बाजूनं सपाट. बायको, सीमा नाव तिचं, स्टुलावर. तिले वाटलं मी ठेकेदाराकडून आली. म्हटलं, नाही, सुजयची मॅडम आहे. त्यावर ती उठली न मले स्टूल देल्लं! छत्तीसगढीत म्हणे, “सुजय भैया रोज आथे मैडम. रोथे अब्बड़. ओकर का गलती?” रोज येते, खूप रडते, त्याची काय चूक.

मी तिथं सांगायले पाहिजे होतं. तोंड उघडलं पण होतं. “डॉक्टर क्या बोले?” एवढंच निघालं त्यातून.



२१ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिन्सिपल साहेबांनी बोलावलं. दार बंद केलं.

सुजयनं तोंडी सांगतलं आहे म्हणे, कॉलेजात असंच शिकवलं. अपघाताच्या चौकशीवाले साहेब आता लेखी जबाब घेणार आहेत, त्याचा न आपल्याकडून कोणाचा तरी. “तुम्हीच जा. साफ म्हणा, आम्ही पुस्तकातलंच शिकवतो, पोट्टा विसरला. अन् मॅडम, जुने टेस्ट पेपर किती दिवस ठेवाचे? रद्दीत काढून टाका न.”

म्हटलं, “सर, शिकवलंच होतं म्या तसं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाही. म्हणे, “मॅडम, इथं दीडशे पोरं शिकून राहिली. अॅडमिशन दरवर्षी कमी. तुमच्या एका वाक्यानं डिपार्टमेंट बंद होईल. मंग त्या पोरांनी कुठी जावं?”

मंग “पाहते सर” म्हणून उठली. पाहते! जसं काही भाजी पाहायची आहे.

सुजयचा पेपर पर्समध्ये टाकून घरी आणला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सुजय घरी आला होता. किती वाळला! बसला नाही, दारातच.

मी त्याले बसवलं न पेपर समोर ठेवला. लाल रेघ दाखवली. पुस्तकातलं पान मोबाइलवर काढलं होतं, ते दाखवलं. सगळं सांगतलं. तुझं बरोबर होतं, म्या चुकवलं. एका दमात.

बराच वेळ तो त्या आकृतीवरून अंगठा फिरवत राहिला. मले वाटलं आता ओरडन, पेपर तोंडावर फेकन. फेकला असता तं बरं झालं असतं.

“मोठे बाबा तवाच म्हणत होते मले,” हळूच म्हणे. “परवा यार्डात आले होते पाहायले. क्लिपा पाहिल्या न तसेच वापस गेले. घरी जाऊन जेवले नाही त्या दिवशी.”

मंग म्हणे, “मॅडम, हे तुम्ही चौकशीच्या साहेबाले सांगसान न? पोलीस म्हणून राहिले केस माझ्यावरच बनते. घरी बहीण आहे, माय आहे. मी नाही म्हणत का माझी काहीच चूक नाही. पण हे एवढं तुम्ही सांगसान न?”

“सांगीन,” म्हटलं.

“मंगळवारी जबाब आहे.”

“सांगीन म्हटलं न!” चिडून म्हटलं. कोणावर चिडली मी? त्याच्यावर? थू!

जाताना माझ्या पाया पडला. नेहमीची सवय त्याची. मले हात वर करून आशीर्वाद देता आला नाही. बाबा आतल्या खोलीतून सारं ऐकत होते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

चिठ्ठी लिहिली. दोन पानं होती, फाडली. मंग सात ओळी. “सुजयनं टेस्टमध्ये आकृती बरोबर काढली होती. मी ती चूक ठरवली न त्याले उलटी शिकवली. त्याचा पेपर जोडला आहे.” खाली सही.

बाबाले वाचून दाखवली. नोकरी जाईल हेही सांगतलं. दुसरीकडे कोण घेईल या वयात? शहरातले सगळे कॉलेज एकमेकाले ओळखतात. केसमध्येही नाव येईल कदाचित.

बाबा म्हणे, “जाच लागते का?”

“हाव बाबा.”

“तू काही जाणून-बुजून नाही केलं.”

“त्यानं तरी कुठी जाणून-बुजून केलं?”

बाबा एकदम म्हणे, “रेल्वेच्या गँगमध्ये सगळे मले काय म्हणत, माहीत आहे तुले? मॅडमचा बाप. तू तवा दहावीत होती. तवापासून मॅडमचा बाप. दोर ओढताना, जेवताना. साहेबलोकही म्हणत. मी ढेकणानं भरलेल्या गोधडीवर झोपलो पण तुले मॅडम केलं.”

इतकं एका वेळी बाबा आयुष्यात बोलले नाहीत. मी रडली. तेही रडले. माझे मिस्टर गेल्यापासून या घरात दोघंच आम्ही, न दोघंही कधी एकमेकांसमोर रडलो नव्हतो.

पण चिठ्ठी नाही फाडली. शेवटी म्हटलं, “बाबा, क्लिप उलटी आहे हे तुम्हीच सांगतलं मले.”

“हाव,” म्हणे. “बुद्धी गेली होती माझी त्या दिवशी.”

२४ नोव्हेंबर, रविवार

बाबा सकाळीच पांढरा सदरा घालून विहारात गेले. पार दोन वाजता आले. जेवण नको म्हणे. पाय दाबून देऊ का विचारलं तं तोंड भिंतीकडे केलं.

उद्याचे तास घ्यायचे आहेत. शेवटचे असन कदाचित. फळ्यावर काय लिहू, काही सुचत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तास घेतला. कोणत्याही गोष्टीले किती ताणता येते न कुठून पुढं ती मूळच्या लांबीवर वापस येत नाही, हे शिकवलं. पोरं उतरवून घेत होती. मी जे बोलते ते सगळं उतरवून घेतात! शब्द न शब्द. आज त्यायच्या वह्यांची भीती वाटली मले. मधातच थांबून म्हटलं, “पुस्तक पण खोलकर देखो. मेरा कहा मत मानो.” एक-दोघांनी तेही वहीत लिहिलं.

प्रिन्सिपल साहेबाले सांगून टाकलं, मी उद्या खरं सांगणार. ते म्हणे, “सोच लीजिए.” म्हटलं, दहा दिवस तेच करून राहिली.

किती दिवसांनी आज पोटात अन्न गेलं. हलकं वाटून राहिलं असं लिहिणार होती. हलकं नाही. नरेशचा पाय काही येत नाही वापस. पण एक पोट्टा तरी वाचन. एवढं एक तरी बरोबर होईल माझ्या हातून.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

चौकशीवाल्या साहेबांनी चिठ्ठी वाचली, पेपर उलटून पाहिला न दोन्ही वापस देल्ले. “मैडम, लड़के ने कल ही लिखकर दे दिया है. कॉलेज ने सही सिखाया था, ग़लती मेरी है. साइन भी कर दिया. आप अब भावुक मत होइए.” मी म्हटलं, तो झूठ बोलून राहिला, हे पाहा माझ्या हातची रेघ. ते म्हणे, शिष्य को बचाना चाहती हैं, समझता हूँ. घ्यायलेच तयार नाही!

सुजय बाहेर बाकावर बसून होता. बाजूले हवालदार. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “कावून केलं असं? मी येणार होती न? सांगतलं होतं न तुले, मी सांगीन म्हणून?”

त्यानं वर पाहिलं. पहिल्यांदाच माझ्याकडे असं पाहिलं त्यानं.

“मॅडम, रविवारी तुमचे बाबा आले होते घरी. मोठ्या बाबाच्या पायावर डोकं ठेवून बसले, उठेच नाही. म्हणे, पोरीचं नाव घेऊ नका, मित्रानंच धाडलं मले.”